संगप्पाचा चिकटमाईक

शिरूर अनंतपाळला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत संगप्पाचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. दुकानात शिरणारा माणूस रामराम घालायच्या आधी विचारतो, "कवा देणार?" आणि संगप्पा मान वर न करता सांगतो, "वाळल्यावर."

"वाळल्यावर म्हंजे कवा?"

"वाळल्यावर म्हंजे वाळल्यावर. तुमच्या घरी भाकर भाजायच्या आधी ताटात वाढतेत का?"

हा संवाद आमच्या गल्लीला पाठ आहे. शेंद गावचा लिंबाजी तर तो ऐकायलाच येत असावा, इतक्या वेळा त्याची पाणबुडी मोटार जळते. तो दुकानाच्या पायरीवर बसून ओरडायचा, "आरं बाबा, तिकडं माझा ऊस वाळायलाय, अन् तू हितं तारा वाळवत बसलास!"

"ऊस तुझा. तारा माझ्या."

संगप्पाचं म्हणणं साधं होतं. तांब्याची तार कितीही नीट गुंडाळा, ती आत थरथरत राहते. थरथरली की घासते, घासली की जळते. म्हणून गुंडाळलेल्या तारांना आधी वार्निश पाजायचं आणि मग भाजायचं. त्यासाठी त्यानं एका पत्र्याच्या बॅरलमध्ये हिटरची कॉइल बसवून भट्टी केली होती. वार्निश पिऊन, भाजून निघालेल्या तारा एकमेकींना धरून बसतात, हलत नाहीत. न भाजलेल्या कामाला तो 'कच्चं' म्हणायचा, आणि कच्चं काम त्यानं आयुष्यात दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. बाकीचे वाइंडिंगवाले सकाळी घेतलेली मोटार संध्याकाळी देत. त्या मोटारी पुन्हा संगप्पाकडेच यायच्या.

दुकानाच्या मागच्या खोल्यांत घर. घरात त्याची बायको बसम्मा. मुलगी मंजुश्री लग्न होऊन नांदेडला. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून पुढचं बरंचसं मला तिच्या तोंडून कळलं, आणि थोडं मी समोर उभी राहून पाहिलं.

बसम्माचा आवाज हा आमच्या गल्लीचा भोंगा होता. निलंग्याकडचं माहेर, त्यामुळं मराठीत मधेच कानडी घुसायची आणि राग आला की उरलेली मराठीही बाहेर जायची. ती मागच्या दारातून "बर्री ऊटाक्क!" म्हणून नवऱ्याला जेवायला हाक मारायची आणि स्टँडवर निलंगा गाडीचा ड्रायव्हर डबा उघडायचा. लिंबाजी म्हणायचा, "वैनी, तुमी ग्रामपंचायतीत उभ्या राहा. माईकचा खर्च वाचंल."

माईकचं वेड मात्र संगप्पाला लागलं ते मन्मथअप्पांमुळं. मन्मथअप्पा म्हणजे शिवभजनी मंडळातले विणेकरी. एका सोमवारी ते वीणा काखेत घेऊन दुकानात आले.

"शरणार्थ, अप्पा," संगप्पा म्हणाला. "वीणा जळाली का काय?"

"चेष्टा नको बाबा. पेटीला माईक, पखवाजाला माईक, गाणाऱ्याला दोन माईक. माझी वीणा मलासुदिक ऐकू येईना गेली. मी नुसता उभा असतो, लग्नातल्या करवलीवानी. कायतर कर."

संगप्पानं फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, त्याच्याभोवती जुन्या रिलेतली केसाहून बारीक तार गुंडाळली. हजारो वेढे. मोटारीचा माणूस, गुंडाळणं त्याच्या बोटांतच होतं. चुंबकाजवळ पोलादी तार थरथरली की वेढ्यांत बारीक करंट उठतो, तो मंडळाच्या स्पीकरच्या बॉक्सला दिला की आवाज येतो, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. कॉइल वार्निशात बुडवली, भाजली, वीणेला बांधली, बॉक्सला जोडली. बॉक्समधून 'हूंऽऽऽ' असा एकसुरी घुमार यायला लागला.

मन्मथअप्पांनी कान दिला. "ही वीणा न्हाई."

"न्हाई. ही वरची ट्यूबलाइट हाय."

"वीणा कुठाय?"

"तुमच्या तारा पितळी हायत, अप्पा. चुंबकाला पितळ कळत न्हाई."

पोलादी तारा चढवल्या, ट्यूबलाइट बंद केली, कॉइलला पत्र्याचं कवच केलं. वीणा बोलायला लागली. मग संगप्पानं दुसरा प्रकार केला. गजराच्या घड्याळात 'टीं टीं' करणारी पितळी चकती असते, वर पांढरा मुलामा दिलेली. ती चकती उलटीही चालते. तिला करंट द्या, ती वाजते. ती कशाला चिकटवा, त्या वस्तूची थरथर ती करंट करून देते. वीणेच्या भोपळ्याला त्यानं ती चकती एमसीलनं चिकटवली आणि मन्मथअप्पांच्या अंगठीचा भोपळ्यावरचा टकटकाटही देवळात ऐकू यायला लागला. हवेतलं ऐकत नाही, चिकटलं त्याचंच ऐकतं, म्हणून मंडळानं तिला नाव ठेवलं चिकटमाईक.

लोक खूश होते. संगप्पा नव्हता. "कॉइल पक्की हाय," तो म्हणायचा. "चकतीचं काम कच्चं राहिलं. भोपळा काय भट्टीत जात न्हाई."

त्या दिवाळीनंतर बसम्माचा घसा बसला. आधी आलं-मध झालं, मग गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. आवाज खरखरत गेला आणि शेवटी नुसती हवा उरली. लातूरच्या डॉक्टरनं गळ्यात नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचायची आशा आहे. आवाजाची नाही.

"थोडासुदिक न्हाई?" संगप्पानं विचारलं.

"गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं. त्यानं बोलता येतं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी ड्रॉवरमधून काढून आपल्याच गळ्याला लावून दाखवलं. ते यंत्र एका सुरात घरघरत म्हणालं, "नमस्कार, कसे आहात."

बसम्मा खुर्चीत मागं सरकली. घरी आल्यावर माझ्या आईला म्हणाली, कुजबुजतच, "सारा जल्म हे माणूस म्हणत होतं, जरा गप बस, जरा गप बस. आता डॉक्टरला सांगून गप बसवायलंय बघा." आई हसली आणि पदर डोळ्याला लावला. बसम्मा तिच्यावर डाफरली, "रडायचं आसंल तर तुमच्या घरी जावा."

संगप्पा दुकानात बसायचा, पण त्याच्या हातात मोटार नसायची. त्यानं फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून बघितलं. फोनमध्ये कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसला आवाज, वर पंखा, वर स्टँडवरची 'लातूर, लातूर, लातूर'. जुनं रेकॉर्डिंग शोधायला त्यानं मंजुश्रीला फोन लावला. ती आईला अव्वा म्हणते.

"आप्पा, अव्वा फोनवर बोलायची ते मी कवा टेप केलंय? लग्नाच्या कॅसेटीत बँड हाय नुसता."

"बँडच्या मागं कुठंतर आसंल की ती."

"मागं पण बँडच हाय, आप्पा."

इतका मोठा आवाज, आणि कुणीच तो ठेवला नव्हता. रोज फुकट मिळणारी वस्तू कोण ठेवतं?

मग एका दुपारी मी मंडईतून येत होते आणि बसम्माचा आवाज ऐकला. खरा आवाज. म्हणजे जुना, रुंद, छातीतून येणारा. पिशवी हातात घेऊन मी तशीच त्यांच्या दारात गेले. माझी आई आधीच येऊन उभी होती. समोरची पिठाच्या गिरणीवाली पिठासकट आली होती.

आत बसम्मा पाटावर बसलेली. गळ्याच्या खाली, हासळीच्या हाडावर, चकती टेपनं चिकटवलेली. वायर मंडळाच्या बॉक्सला. ती नुसती कुजबुजत होती, पण घशातली फाटकी हवा बाहेरच राहत होती आणि हाडात जे काही उरलं होतं तेवढंच बॉक्समधून येत होतं.

"ही कोण बया बोलायलीय?" ती बॉक्सकडं बघून म्हणाली, आणि बॉक्सही तेच म्हणाला.

"तूच हैस," संगप्पा म्हणाला. "बोल. बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"कायबी."

"कायबी काय बोलू? समोर येऊन बसलं की बोलायचं सुचत न्हाई. तुमी तिकडं दुकानात जावा, मंग सुचंल." आम्ही हसलो. तिला चेव आला. "हसायला काय झालं? पिठाची गिरणी चालू ठेवून आलीस का गं? पेटंल की! अन् तू, मंडईतून कोथिंबीर आणलीस का न्हाई? बघू. ही काय कोथिंबीर हाय? शेळीनं सोडलेली दिसायलीय."

बॉक्समधून गल्लीभर तिचा आवाज गेला. स्टँडवरून कुणीतरी ओरडलं, "वैनी बऱ्या झाल्या जणू!" बसम्मा हसली, आणि हसताना टेप सुटला. चकती पाटावर पडली. टक्क. नंतर नुसती कुजबूज.

"लावा की परत," ती म्हणाली. "मंजीच्या जुन्या फोनात भरून घ्या आत्ताच. हाय का न्हाई?"

संगप्पा चकती उचलून बघत होता. "टेप सरकायलाय. खरखर यायलीय तुझ्या आवाजात."

"येऊ द्या."

"आगं, कायमचं ठेवायचं हाय. कच्चं नको. मी पक्कं करतो. दोन दिस दम धर."

"मी काय मोटार हाय का, वाळल्यावर द्यायला?"

आम्ही पुन्हा हसलो. हसण्यासारखंच होतं. संगप्पासुद्धा हसला. आणि चकती घेऊन दुकानात गेला.

त्यानं मन लावून काम केलं. इतकं मन लावून त्यानं कुणाची मोटारही भरली नसेल. चकतीच्या मापाची पितळी वाटी ठोकली. कवचाची वायर आणली, डाख दिला. डाख छान चमकेपर्यंत सोल्डरिंगची इस्त्री टेकवून धरली. वाटीत चकती बसवली. मोटारीच्या तारा बांधायची पांढरी सुती पट्टी असते, तिचा गळ्यात बांधायला पट्टा केला. सगळं वार्निशात बुडवलं. वर काढलं, निथळू दिलं, पुन्हा बुडवलं. आणि भट्टी लावून ते सगळं आत तळाशी, हिटरजवळ ठेवलं, म्हणजे नीट भाजेल.

लिंबाजी पायरीवर होता. "कुणाची मोटार हाय रं एवढी चिल्लर?"

"हिची."

लिंबाजीनं त्या दिवशी "कवा देणार" विचारलं नाही.

भट्टीतून काढल्यावर ते मधासारखं तांबूस, कडक, चकचकीत झालं होतं. ठोकलं तरी आतलं काही हलत नव्हतं. संगप्पानं मीटर लावला. शॉर्ट नाही, करंट अंगात उतरत नाही, तार कुठं तुटलेली नाही. बॉक्स लावून वाजवून बघायचं, तर बॉक्स मन्मथअप्पा मुरुडच्या भजनाला घेऊन गेले होते आणि दवाखान्याची तारीख तर उद्यावर आली होती. फोनला लावून बघावं हे त्याला सुचलं नाही; मोटार जशी तपासतात तशी त्यानं ती तपासली. मोटारीला शॉर्ट नसला, अंगात करंट उतरत नसला, की माल ओके. त्यानं माल ओके म्हटलं आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

लातूरचा दवाखाना. बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. शेजारच्या खाटेवर चतुराबाई नावाची बाई होती, तिकडं लांब किनवटची, गळ्याला गाठ आलेली, बोलायला पक्की. बसम्मा येताच तिनं विचारलं, "तुमचं काय काढणार?"

"आवाज."

"आग्गं बाई. आन् माझी गाठ. तुमी माझी गाठ घ्या, मी तुमाला आवाज देते, चला."

ऑपरेशन उद्या सकाळी. मंजुश्री नांदेडहून आली होती. नर्स येऊन म्हणाली, गळ्यातलं सगळं काढून ठेवा. बसम्मानं मंगळसूत्र काढून मंजुश्रीकडं दिलं. जानव्यासारखा शिवदारा होता, त्यात चांदीच्या करंड्यात लिंग. ते तिनं काढलं नाही.

"ते पण काढा, मावशी."

"ते निघत न्हाई, बाई. ते आंगावरून काढलं तर मला पाणी प्यायचं न्हाई."

"तसंही तुम्हाला उद्या पाणी प्यायचं नाहीच," नर्स म्हणाली. शेवटी दंडाला बांधायचं ठरलं. नर्स गेल्यावर बसम्मा नवऱ्याला म्हणाली, "गळा मोकळा झाला बघा. आता आना तुमचं ते दावं."

संगप्पानं रुमाल उघडला. पट्टा तिच्या गळ्यात बांधला, वाटी हासळीच्या हाडावर बसवली, वायर मंजुश्रीच्या जुन्या फोनला लावली, हेडफोन कानाला लावले आणि मान हलवली. "हां. बोल."

बसम्मा बोलली. काय बोलली ते मंजुश्रीला नीट आठवत नाही. मी आप्पांच्या तोंडाकडं बघत होते, म्हणाली. संगप्पाच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. त्यानं हेडफोन दाबले. फोनवर रेकॉर्डिंगची रेघ सरळ चालली होती, जराही न हलता. त्यानं वाटीवर नखानं टकटक केलं. रेघ सरळ. पिन काढून घातली. फुंकर मारली. रेघ सरळ.

"काय झालं?" बसम्मा कुजबुजली.

"कायनी. पिन ढिली हाय."

"राहू द्या."

"थांब की जरा."

"राहू द्या म्हणते. या, हितं बसा. तसंच ऐका की. कान हायत का न्हाई?"

"आत्ता जातो अन् आत्ता येतो. गंजगोलाईत दुकानं उघडी आसतेत. चकती कुठंबी मिळती."

तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली. मंजुश्री सांगते, अव्वानं चिमटीत धरली होती, जसं बाजारात कापड बघतात तशी. संगप्पानं ती अलगद सोडवली. "तू बोलू नको तवर. आवाज ठेवून दे. आलो बघ." आणि तो गेला.

गंजगोलाईत मोबाईल दुरुस्तीच्या एका टपरीवर सत्यम नावाचा पोरगेला माणूस बसला होता. त्यानं वाटी उलटीपालटी करून बघितली, वार्निश खरवडलं, चकतीवर टिचकी मारली, मीटर लावून पुन्हा टिचकी मारली.

"काका, ही तापवली का?"

"भाजली."

"भाजली?"

"वार्निश पाजून भाजली. भट्टीत. न्हाईतर काम कच्चं ऱ्हातंय."

सत्यमनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा चकतीकडं. "काका, लई उष्णता लागली की ह्या चकतीतला जीव जातोय. डाख देतानासुदिक नुसता चटका दिल्यावानी करायचं आन् हात काढायचा. तुम्ही तर पापडावानी भाजली की हो." मग त्याला वाटलं आपण जास्त बोललो. "तुमचं काम मात्र फस्कलास हाय. असली वाटी कुणी करत न्हाई."

"मीटरवर तर ओके दाखवायलं होतं."

"मीटर वायर बघतंय, काका. ही ऐकतीय का न्हाई ते मीटरला काय मालूम?"

त्यानं ड्रॉवरमधून नवी चकती काढली, वायरीला चटका देऊन जोडली, टेपनं गुंडाळली. संगप्पाच्या फोनला लावून टिचकी मारली. हेडफोनमध्ये 'टक्क' झालं. एवढंसंच काम.

"असंच न्या."

"कच्चंच?"

"कच्चंच चालतंय हे."

संगप्पा बाहेर आला तर रस्त्यात बाजाराची गर्दी, रिक्षा मिळेना. चालत निघाला. दवाखान्याच्या गेटवर वॉचमन, पास मंजुश्रीकडं, वर जायची परवानगी नाही. मंजुश्री खाली येऊन घेऊन जाईपर्यंत बसम्माला झोपेची गोळी दिली होती. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. संगप्पा म्हणाला, "असू दे. सकाळी करू."

सकाळी त्यानं नवी चकती तिच्या हाडावर चिकटवली. फोन चालू केला. रेघ हलली. त्याचा चेहरा उजळला. "बोल," तो म्हणाला. बसम्मानं तोंड उघडलं. ओठ हलले. तिनं थांबून गिळलं, पुन्हा प्रयत्न केला. हेडफोनमध्ये श्वास होता, आत खोल धबधब होती, घोट उतरल्याचा आवाज होता. शब्द नव्हता. कुजबूजसुद्धा नव्हती.

"बोल की गं."

तिनं हातानं सांगितलं: संपलं. मग हसली, आणि मंजुश्रीकडं बोट केलं, हिला विचारा.

स्ट्रेचर आलं. चकती नर्सनंच काढून संगप्पाच्या हातात दिली.

मंजुश्रीनं लगेच काही सांगितलं नाही. ऑपरेशन झालं, बसम्मा वाचली, गळ्याला भोक घेऊन घरी आली. मंजुश्री पुन्हा शिरूरला आली तेव्हा संगप्पानं तिला विचारलं, आणि तिला सांगावं लागलं.

त्या संध्याकाळी आप्पा गेल्यावर अव्वा बोलत बसली होती. बोलू नको म्हणून आप्पा सांगून गेले होते, पण चतुराबाई शेजारी, आणि अव्वा गप बसणारी नाही. माहेरचं बोलली, निलंग्याच्या शेतातल्या आमराईचं, सासूनं पहिल्या सणाला नेसवलेल्या लुगड्याचं. मधेच विचारायची, "आलं का गं माणूस?" मंजुश्री म्हणायची, येतील. मग पुन्हा बोलायची. आवाज बारीक बारीक होत चालला तसं तिला कळलं असावं. उठली. वॉर्डच्या दारापर्यंत चालत गेली. चौकट धरून उभी राहिली आणि जिन्याकडं तोंड करून हाक मारली.

"काय म्हणून?" संगप्पानं विचारलं.

मंजुश्रीनं आईकडं बघितलं.

"काय म्हणून हाक मारली? 'अवो' म्हणून?"

"आधी 'अवो' म्हणली. मग नाव घेतलं, आप्पा."

बसम्मानं कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका घेत नाहीत. नवरीपणी उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, ते पण लाजत, दुसऱ्यांनी ढकलल्यावर. बँकेत नवऱ्याचं नाव विचारलं तरी ती मंजुश्रीला पुढं करायची. त्या संध्याकाळी तिनं वॉर्डच्या दारात उभं राहून त्याचं नाव घेतलं. कुठून आणला तेवढा आवाज कुणास ठाऊक. फाटका होता, पण मोठा होता. अख्ख्या वॉर्डानं ऐकला. चतुराबाई म्हणाली, "अगं बया, हिचा नवरा गावात कुठंबी आसला तरी ऐकंल की." जिन्यातून कुणी आलं नाही. बसम्मानं अजून एकदा हाक मारली. त्यात अर्धाच आवाज आला. मग ती येऊन पडली आणि नर्सनं गोळी दिली.

हे सांगून झालं तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. बसम्मा चुलीपाशी बसून शेंगा फोडत होती. गळ्याभोवती पांढरं फडकं. तिनं ऐकलं, मान वर केली नाही. ते लातूरच्या डॉक्टरनं दाखवलेलं घरघरतं यंत्र मंजुश्रीनं आणून दिलेलं कोनाड्यात होतं. बसम्मानं एकदा लावलं होतं, स्वतःचा तो घरघराट ऐकला होता आणि हात झटकला होता. संगप्पा म्हणाला होता, बेरिंग गेलेल्या मोटारीवानी बोलतंय.

"कशी मारली?" संगप्पानं विचारलं.

"म्हंजे?"

"हाक. कशी मारली? करून दाखव की."

"आप्पा, मी कसं तुमचं नाव..."

"करून दाखव. माझं तर नाव हाय. मी म्हणतो ना."

मंजुश्रीनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तिनं घसा खाकरला आणि म्हणाली, "ओ संगप्पा." लेकीच्या तोंडी बापाचं नाव, ते बाहेर पडलं तेच चोरासारखं.

"न्हाई," संगप्पा म्हणाला. "तिचा आवाज असा नव्हता. मोठ्यानं."

"ओ संगप्पाऽ!"

"जरा खालून. छातीतून काढ. ती 'गप्पा' वर जोर देईल. संगप्पा. संगप्पा. तसं होतं का?"

"तसं नव्हतं, आप्पा."

"मंग कसं होतं?"

"मला न्हाई येत."

"आगं, तूच ऐकलंस की. तू न्हाई सांगणार तर कोण सांगणार?"

मंजुश्री पुन्हा म्हणाली. पुन्हा. कधी ओरडून, कधी हळू. दर वेळी संगप्पा मान एका बाजूला करून ऐकायचा आणि विचारायचा, "जवळ आलं का?" मंजुश्री रडत रडत म्हणायची, "न्हाई, आप्पा." मग तो दुसरं काहीतरी सुचवायचा. घसा बसल्यावानी कर. लांबून बोलावल्यावानी कर.

चुलीपाशी शेंगा फोडायचा आवाज थांबला होता. बसम्मा आमच्याकडं बघत होती. ते कसं होतं हे त्या घरात तिला एकटीलाच नेमकं माहीत होतं. तिनं तोंड उघडलं, फडक्याखालून नुसता वारा आला. तिनं तळहात जमिनीवर आपटला. एकदा, मग परत. शेंगा उडाल्या. बास, असं ती म्हणत होती, का असं नव्हतं असं म्हणत होती, का असंच होतं, ते आम्हा तिघांनाही कळलं नाही.

"काय?" संगप्पा तिच्याजवळ जाऊन बसला. "काय म्हणतीस? परत सांग."

तिनं परत हात आपटला.